सत्तावीस यार्ड कमी पडले! बॅरी सँडर्सला कॉलेजात खेळताना पाहिलेलं कुणी आहे का इथे?

घाटपायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अमेरिकन फुटबॉलवर मराठीत धागा काढणं म्हणजे आषाढी एकादशीला मिसळीची पाककृती टाकणं, कळतंय मला. पण राहवत नाही.

परवा ऑफिसात डबा खाताना शेजारच्या टेबलावर पंचविशीतली दोन पोरं भांडत होती. विषय अ‍ॅश्टन जेंटी. बॉयसी स्टेटच्या या पोरानं २०२४ च्या हंगामात २६०१ यार्ड पळून काढले. कॉलेज फुटबॉलचा एका हंगामाचा विक्रम २६२८ चा. सत्तावीस यार्डांनी हुकला. तर त्यातला एक म्हणतो, "तो जुना विक्रम अठ्ठ्याऐंशीतल्या कुणा सँडर्सचा आहे, तेव्हा काय कुणीही पळायचं." माझा घास घशातच अडकला.

मी ऑगस्ट १९८७ मध्ये एम.एस.ला ओक्लाहोमा स्टेटला आलो. सांगलीहून निघालो तो थेट स्टिलवॉटर. हा "कुणी सँडर्स" तेव्हा त्याच कॅम्पसवर होता. २१ नंबर. पहिल्या वर्षी मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं, कारण पुढे थर्मन थॉमस होता. बॅरी राखीव, मुख्यतः किकऑफ (सुरुवातीला समोरच्यांनी लाथेनं उडवलेला चेंडू) घेऊन पळायला यायचा. थॉमस १९८८ साली बफेलोच्या संघात गेला, जागा मोकळी झाली आणि या पठ्ठ्यानं एका हंगामात काय करावं? सामने ११. चेंडू हातात घेऊन पळाला ३४४ वेळा. यार्ड २६२८. पळून केलेले टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार, ३७.

तर दोन प्रश्न. त्या काळात त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का इथे? आणि कॉलेजच्या एकाच हंगामापुरतं बोलायचं तर याच्यापेक्षा मोठा रनिंग बॅक कोण? एनएफएलच्या, म्हणजे कॉलेजनंतरच्या व्यावसायिक लीगच्या गप्पा शक्यतो नकोत. (होणारच आहेत, माहीत आहे.)

नवखा_नाशिककर

काका, मी इथे फुटबॉल बघून मेस्सीसाठी आलो होतो. आलोच आहे तर विचारतो, रनिंग बॅक म्हणजे नेमकं काय करतो? आणि यार्ड मोजायचे कशाला? गोल मोजा की.

गोंयकार_बाब

नवख्या, तू एकटा नाहीस. आमच्या गोंयात फुटबॉल पायान खेळतात. हे लोक चेंडू काखेत मारून पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात. काजूला नारळ म्हणा मग.

घाटपायथा

@नवखा, मिठाच्या खड्यांइतक्या सोप्या शब्दांत सांगतो. तुझ्या संघाकडे चेंडू आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. क्वार्टरबॅक एकतर चेंडू लांब फेकतो किंवा मागे उभ्या असलेल्या गड्याच्या पोटाशी देतो. तो गडी म्हणजे रनिंग बॅक. समोर अकरा जण त्याला लोळवायला टपलेले. साधारण चांगला गडी एका प्रयत्नात चार-पाच यार्ड काढतो. बॅरीची १९८८ ची सरासरी ७.६ होती. म्हणजे दोनदा त्याच्या हातात चेंडू दिला की दहा यार्डांचं काम झालं, उरलेले दोन प्रयत्न चहा प्यायला मोकळे.

चढाई_बोनस

ह्या धाग्यावर मी पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो, पण आता बोलायलाच हवं. मी पंधरा वर्षं कबड्डी खेळलो, लालबाग-परळच्या मॅटवर नव्हे, मातीवर. आता न्यू जर्सीत पोरांना शिकवतो. अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या मुलानं मला सँडर्सच्या जुन्या चित्रफिती दाखवल्या आणि मी त्या थांबवून थांबवून पाहिल्या.

तो माणूस चढाई करतोय हो! तसूभर फरक नाही.

एक नीट पाहा. इतर पळणारे दिशा बदलताना आधी वेग कमी करतात, मग वळतात. पकड करणाऱ्याला तेवढी सूचना पुरते. सँडर्स वेग कमी करत नाही, तो थांबतो. चक्क उभा. एक क्षण खांदा डावीकडे टाकतो आणि समोरच्याची टाच जमिनीला टेकली, की हा उजवीकडे गेलेला असतो, आणि पहिल्याच पावलाला पूर्ण वेगात. मी पोरांना हेच सांगतो: चढाईपटूकडे नको, कोपऱ्याच्या टाचेकडे बघ. टाच टेकली की कोपरा मेला. चवड्यावर असलेला माणूसच पट काढू शकतो.

आणि उंची पाच फूट आठ इंच. समोर सहा-साडेसहा फुटी धिप्पाड. त्यांना वाकावं लागायचं आणि वाकलेल्या माणसाला हुलकावणी देणं सोपं.

घाटपायथा

@चढाई_बोनस, दंडवत. ३५ वर्षं मला जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही टाचेवर आणून ठेवलंत.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, मी विचिटाले राह्यतो. कॅन्ससमधलं विचिटा, म्हणजे बॅरीचं गाव. इथं विमानाच्या कारखान्यात काम करतो. इथल्या जुन्या लोकायले बॅरीचं नाव काढलं का डोळे चमकतेत.

त्याचा बाप छपरं शाकारायचं काम करे. घरात अकरा लेकरं, त्यातलं हे एक. विचिटा नॉर्थ शाळेत शेवटच्या वर्षी चौथ्या सामन्यापर्यंत याले पळायची मुख्य जागाच दिली नव्हती. बुटका म्हणून मोठमोठ्या कॉलेजांनी ढुंकूनही पाह्यलं नाही. अन बाप एवढा कडक का पोरगा हाइजमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सगळ्यात भारी खेळाडूले भेटते ते) जिंकला तरी म्हणे, जिम ब्राउनच सगळ्यात भारी. घरचा आहेर, दुसरं काय!

अनघा_ह्यूस्टन

नम्र निषेध. धाग्यावर अर्ल कॅम्पबेलचं नाव अजून आलेलं नाही हे पाहून दुःख झालं. टेक्सास विद्यापीठ, १९७७, हाइजमन विजेता, १७४४ यार्ड. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हा सासऱ्यांच्या मित्रमंडळींत (सगळे टेक्सासचे, मी एकटी पुण्याची) दर रविवारी कॅम्पबेलपुराण असायचं. तो कुणाला चुकवत बिकवत नसे. समोर माणूस आला तर त्याच्यातून आरपार. मांड्या अशा की दरवाजाच्या चौकटी वाटाव्यात. चुकवणारे पुष्कळ असतात हो. तुडवून जाणारा एखादाच.

अटलांटाकर

आणि हर्शेल वॉकर? जॉर्जिया, १९८० ते ८२, तीनच वर्षांत ५२५९ यार्ड. पहिल्या वर्षाला असताना, म्हणजे अजून मिसरूड फुटायच्या वयात, त्यानं संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. बॅरीचा एक हंगाम. वॉकरचे तीन. दुकान एक दिवस फार चाललं म्हणून कुणी शेठ होत नाही.

घाटपायथा

@अटलांटाकर, प्रश्नच एका हंगामाचा आहे! परीक्षा मराठीची, तुम्ही गणिताचा पेपर लिहून आलात.

खडूस_काका

सगळे भावनेच्या भरात वाहत चाललेत म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

बॅरीनं १९८८ मध्ये कॅन्सस स्टेटविरुद्ध ३२० यार्ड काढले. त्या वर्षी कॅन्सस स्टेट अकराच्या अकरा सामने हरली. कॅन्ससविरुद्ध ३१२. कॅन्सस दहा हरली, एक जिंकली. हे गल्लीतल्या लिंबूटिंबू पोरांना घेऊन द्विशतक ठोकण्यासारखं झालं. आकडे फुगलेले आहेत.

सांख्यिकी_सुलभा

काका, थंड पाणी अर्ध्याच बादलीचं आहे. उरलेली बादली मी ओतते. माझ्याकडे अकराही सामन्यांचे आकडे आहेत:

मायामी (ओहायोचं) १७८, टेक्सास ए अँड एम १५७, टल्सा ३०४, कोलोराडो १७४, नेब्रास्का १८९, मिझुरी १५४, कॅन्सस स्टेट ३२०, ओक्लाहोमा २१५, कॅन्सस ३१२, आयोवा स्टेट २९३, टेक्सास टेक ३३२.

बेरीज करा, बरोब्बर २६२८ येते. आता दोन्ही कॅन्सस पूर्णपणे काढून टाका. नऊ सामने उरतात आणि १९९६ यार्ड. तरी सामन्याला सरासरी २२१ च्या वर! आणि तुमच्या लिंबूटिंबू नियमात न बसणाऱ्या नेब्रास्का आणि ओक्लाहोमाविरुद्ध १८९ आणि २१५. त्याची सगळ्यात वाईट कामगिरी १५४. बहुतेकांना एवढे एकदा जमले तर ते आयुष्यभर नातवंडांना सांगतात.

दुसरी गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. त्या काळी कॉलेज फुटबॉलच्या अधिकृत आकड्यांत बाउल सामने, म्हणजे हंगामानंतरचे निमंत्रितांचे सामने, धरत नसत. ते धरायला लागले २००२ पासून. १९८८ च्या हॉलिडे बाउलमध्ये बॅरीनं वायोमिंगविरुद्ध २२२ यार्ड आणि पाच टचडाउन केले, सामना ६२–१४. ते धरले तर एकूण २८५०. जेंटीचे २६०१ मात्र बाउल धरून आहेत, १४ सामन्यांत. त्याच्या आधी २०१४ मध्ये मेल्विन गॉर्डन २५८७ पर्यंत आला, तोही १४ सामन्यांत.

म्हणजे फरक सत्तावीसचा नाहीच. समान माप लावलं तर २४९ चा आहे.

नवखा_नाशिककर

सुलभाताई, तुम्ही मला बारावीला असायला हव्या होतात.

खडूस_काका

सुलभाबाई, मान्य. अर्धी बादली मागे घेतो. पण एक भर घालतो, म्हणजे माझं काहीतरी राहील. बॅरीला वाट करून देणारी जी पुढची फळी होती, त्यांना "वॉर पिग्ज" म्हणायचे. त्यांची नावं कुणाच्या तोंडात नाहीत. क्वार्टरबॅक माइक गंडी होता, जो पुढे २००५ ते २०२५ तिथलाच मुख्य प्रशिक्षक होता. झेल घ्यायला हार्ट ली डाइक्स. समोरच्यांना फक्त बॅरीवर डोळा ठेवून चालत नव्हतं. पालखीचे भोई पण मोजा.

घाटपायथा

काका, हे मात्र शंभर टक्के खरं. आणि बॅरीही हेच म्हणायचा. त्याची ती पद्धत आठवते का कुणाला? टचडाउन झालं की इतर लोक नाचतात, चेंडू आपटतात, प्रेक्षकांत फेकतात. हा चेंडू उचलून नेऊन पंचाच्या हातात द्यायचा. वाचनालयात पुस्तक परत केल्यासारखा. मग मान खाली घालून बाकाकडे. ३७ वेळा तेच. आमच्याकडचा एक तेलुगू रूममेट म्हणायचा, "हा टचडाउन करतोय की चोरी केलीय म्हणून माफी मागतोय?"

सूनर_सुनीता

मी नॉर्मनची, म्हणजे ओक्लाहोमा विद्यापीठाची. शत्रुपक्ष. तरीही येते, कारण ५ नोव्हेंबर १९८८ ला मी स्टिलवॉटरच्या स्टेडियममध्ये होते. या दोघांच्या वार्षिक भांडणाला "बेडलम" म्हणतात आणि नाव अगदी सार्थ आहे.

मी तेव्हा नवीनच आले होते. नवऱ्यानं नेलं होतं, नियम निम्मे कळत होते. पण एक आठवतं. आमच्याकडचे लोक, म्हणजे लाल कपड्यातले, बॅरीच्या हातात चेंडू गेला की एकदम गप्प व्हायचे. घाबरून. माझ्या शेजारची एक आजी, नखशिखांत लाल, ती डोळे मिटून घ्यायची आणि कानानं ऐकायची. नारिंगी लोकांचा आवाज वाढला की "किती गेला?" असं विचारायची. त्यानं आमच्याविरुद्ध २१५ काढले.

आम्ही जिंकलो, ३१–२८. शेवटी शेवटी तुमच्याकडून टचडाउनचा एक झेल हातातून सुटला. माझा नवरा अजून सांगतो की तो झेल सुटला म्हणून आमचा संसार टिकला. (तो ओक्लाहोमाचा, मेव्हणा ओक्लाहोमा स्टेटचा. पुढची गोष्ट विचारू नका.)

वऱ्हाडी_ठेचा

मेव्हण्याची गोष्ट सांगाच ताई, नाहीतर झोप येणार नाही.

सूनर_सुनीता

एवढंच सांगते, तो झेल सुटल्यावर मेव्हणा थँक्सगिव्हिंगला आला नाही. टर्की आम्हीच पाच दिवस संपवत होतो.

गोंयकार_बाब

एक शंका. तो टोकियोचा किस्सा खरा आहे? माझा भाचा म्हणतो त्याला हाइजमन मिळाली तेव्हा तो जपानात होता. मला वाटलं थापा मारतोय.

सांख्यिकी_सुलभा

खरा आहे. टेक्सास टेकविरुद्धचा शेवटचा सामना टोकियो डोममध्ये खेळवला होता. डिसेंबर १९८८. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये हाइजमन जाहीर झाली, आणि हा उपग्रहावरून टोकियोहून बोलला. त्याला या समारंभाचं मुळात अप्रूपच नव्हतं, प्रशिक्षकाला समजूत घालावी लागली. मग मैदानात जाऊन ४४ वेळा पळाला, ३३२ यार्ड, चार टचडाउन. संघ ४५–४२ नं जिंकला. हाइजमनच्या मतदानात दुसरा आला रॉडनी पीट, तिसरा ट्रॉय एकमन.

अनघा_ह्यूस्टन

ट्रॉफी मिळाली त्याच दिवशी ४४ वेळा मार खाल्ला? बरं. कॅम्पबेलनं एक गुण दिला.

खडूस_काका

आता एनएफएल नको म्हटलंय, पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवणार नाही, कारण त्याचा धागा थेट कोल्हापूरला पोचतो.

१९८९ मध्ये बॅरी डेट्रॉइट लायन्सकडून पहिला हंगाम खेळला. शेवटच्या सामन्यात त्याचे हंगामाचे १४७० झाले. कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेचे १४८०. सामना हातात आला होता, वेळ शिल्लक होता. दहा यार्ड काढले की बरोबरी, अकरा काढले की संपूर्ण लीगमध्ये पहिला. प्रशिक्षकानं विचारलं, जातोस का आत? हा म्हणाला, नको. बसून राहिला. बक्षीस ओकोयेला.

आता इकडे या. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी करंडक. आमच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा जागतिक विक्रम ४५२. नऊ काढले की बरोबरी, दहा काढले की विक्रम. आणि काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला! संघ घेऊन घरी. भाऊसाहेबांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

दोन्हीकडे हिशोब दहाच्या आसपासचा. माझ्या वडिलांना निंबाळकरांचा राग आयुष्यभर येत राहिला, म्हणजे निंबाळकरांवर नव्हे, त्यांच्या बाजूनं. बॅरीचं मी जेव्हा वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते वडिलांचं तोंड. ते असते तर म्हणाले असते, "याच्या हातात होतं आणि यानं सोडलं? मूर्ख आहे."

चढाई_बोनस

काका, पण फरक मोठा आहे. भाऊसाहेबांकडून हिसकावलं. बॅरीनं स्वतः ठेवून दिलं. एकाची तुलना दुसऱ्याशी केली तर भाऊसाहेबांवर अन्याय होतो.

खडूस_काका

म्हणूनच सांगितलं. हिसकावलेलं लोकांच्या लक्षात राहतं. ठेवून दिलेलं कुणाला दिसतच नाही, कारण बघायला काही उरत नाही. ओकोयेच्या नावापुढे १९८९ लिहिलंय, बस्स.

अटलांटाकर

मग तो ९९ सालचा फॅक्सही सांगून टाका, एनएफएल आलंच आहे तर. वॉल्टर पेटनचा कारकिर्दीचा तेव्हाचा विक्रम १६,७२६ यार्ड. बॅरी १५,२६९ वर. अजून एक हंगाम खेळला असता तर गाठला असता, वय ३१. आणि सराव शिबिराच्या तोंडावर आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त! स्वतः लंडनला निघून गेला. माझा बॉस डेट्रॉइटचा आहे. तो अजून फॅक्स मशीन दिसलं की शिवी देतो.

वऱ्हाडी_ठेचा

इथं विचिटात त्या फॅक्सचा अभिमान हाय भाऊ. बातमी द्यायची तर न्यूयॉर्कले नाही, आपल्या गावच्या पेपराले. आमच्याकडं पोरगा कलेक्टर झाला तरी पहिले गावच्या देवळात पेढे ठेवतो, तसं.

नवखा_नाशिककर

मी तीन तास जुन्या चित्रफिती पाहिल्या. चढाई_बोनस सरांचं टाचेचं खरंच दिसतं! एका ठिकाणी तर एक संरक्षक स्वतःच स्वतःच्या पायात अडकून बसला, बॅरी त्याच्यापासून दोन हात लांब. हात लावला नाही, तरी माणूस खाली. मेस्सी पण हेच करतो की. गोंयकार_बाब, आता तरी मान्य करा.

गोंयकार_बाब

पायाचा खेळ आहे हे मान्य. चेंडू काखेत का, हे अजून मान्य नाही.

सूनर_सुनीता

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये स्टिलवॉटरच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा बसवला. आम्ही त्या दिवशी नाही, नंतर भाचीच्या पदवीदानाला गेलो तेव्हा पाहिला. पळण्याच्या मुद्रेत आहे. नवरा लाल टोपी काढून पुतळ्यासमोर उभा राहिला. तेहतीस वर्षांपूर्वी ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याच्यासमोर. मी काही बोलले नाही, फोटोही काढला नाही. भाचीनं काढला, मेव्हण्याला पाठवला. मेव्हण्यानं फ्रेम करून लावलाय.

धागाकर्ते, एक विचारायचं राहिलं. तुम्ही सगळ्यांना विचारलंत की प्रत्यक्ष पाहिलं का. तुम्ही स्वतः किती सामने पाहिलेत? अजून एकही सांगितला नाहीत.

अनघा_ह्यूस्टन

हो की! मलाही आत्ता लक्षात आलं. रूममेटचा विनोद सांगितलात, चेंडू पंचाच्या हातात देण्याचं सांगितलंत, पण "मी बघितलं" असं कुठेच नाही.

घाटपायथा

पकडलंत. बरं, सांगतो.

सुरुवातीचे दोन पाहिले. मायामीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात किकऑफचा चेंडू झेलून तो सरळ शंभर यार्ड पळत गेला, तेव्हा मी खाली शेंगदाण्याची पुडी घेण्याच्या रांगेत होतो. आवाज ऐकून वर आलो तोवर तो चेंडू पंचाला देत होता. म्हणजे हंगामातली त्याची पहिली धावच माझी हुकली. पुढचं पाहिलं, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला तुमच्या नवख्याइतकंच कळत होतं. माणूस पळतोय, लोक ओरडतायत.

आणि मग बेडलम. सुनीताताई, तुम्ही ज्या सामन्याला होतात, तोच. माझ्याकडे विद्यार्थ्यांचं तिकीट होतं. आठवड्याभरापासून कॅम्पसवर लोक तिकिटं शोधत होते. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एक नारिंगी टोपीवाला आला आणि त्यानं चाळीस डॉलर पुढे केले. माझा महिन्याचा किराणा तेव्हा साठात बसायचा. मी विचारसुद्धा केला नाही. दिलं.

शनिवारी दुपारी मी खोलीत थर्मोडायनॅमिक्सची गणितं करत बसलो होतो. पाऊण मैलावर स्टेडियम. खिडकी उघडी होती. रेडिओ रूममेटचा, तो घेऊन गेलेला. तर मी तो सामना फक्त आवाजावर ऐकला. ताई, तुमच्या त्या लाल आजीसारखाच. एक आवाज उठायचा, चढत जायचा, चढतच जायचा, आणि मग फुटायचा. मला कळायचं, बॅरी सुटला. आणि शेवटी एकदा तो असाच चढत गेला आणि मध्येच पडला. सगळं गाव एकदम गप्प. तो झेल सुटला असणार, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांवर दिवाळी होती. चाळीस डॉलरांतून मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सांगलीला फोन लावला. फोन आमच्याकडे नव्हता, शेजारच्या डॉक्टरांकडे होता. आईला बोलावून आणेपर्यंतच चार-पाच डॉलर गेले असतील. मागे फटाके वाजत होते, तिला नीट ऐकू येत नव्हतं. तिनं ओरडून विचारलं, "तिकडे वाजवतात का रे फटाके?" म्हटलं, नाही गं, पण शनिवारी आवाज मोठा झाला. "कशाचा?" म्हटलं, एक मुलगा आहे इथे. पळतो.

"मग तू बघायला गेला नाहीस?"

म्हटलं, अभ्यास होता.

खडूस_काका

चाळीस फार कमी घेतलेत हो.

घाटपायथा

सामन्यानंतर सोमवारी कळलं, बाकीच्यांना साठ मिळाले.